पाणी किती फूट, आणि कधीचं?

जुलै संपत आला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर 'जेवलास काय' च्या आधी 'पाणी किती फूट?' हे विचारतो. बाहेरच्या माणसाला ह्यात काय विशेष वाटणार नाही, पण आमच्याकडं पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी हे शाळेतल्या पोरालाही पाढ्यासारखं पाठ असतं. २००५ चा पूर बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चा बघितला, त्यामुळं हा आकडा आमच्यासाठी नुसता आकडा राहिलेला नाही. त्यावर गाडी कुठं लावायची, म्हातारीला कुणाच्या घरी न्यायचं, गोठ्यातली जनावरं कधी सोडायची हे सगळं ठरतं.

मागच्या एका पावसाळ्यात असंच रात्री नऊच्या सुमाराला मी बापट कॅम्पात गेलतो. तिथं ओळखीचे एक कुंभार मामा आहेत, कितीतरी वर्षं आमच्या घरचा गणपती त्यांच्याकडनंच येतो. शेडमध्ये मूर्ती लाईनीनं मांडलेल्या, थोड्या रंगवलेल्या, बऱ्याचशा नुसत्या पांढऱ्या, शाडूच्या काही तर अजून ओल्याच, आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना. मामांच्या एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर तीन मेसेज. एकात राजाराम बंधारा ४१ फूट ७ इंच. दुसऱ्यात धोका पातळी ओलांडली, सर्वांनी सतर्क राहावे. तिसरा फोटो, पाण्यात गेलेला रस्ता आणि वर लाल अक्षरात 'आत्ताची परिस्थिती'. तिन्हीवर तारीख नाही, वेळ नाही, कुणी पाठवलं ते नाही. मामांनी फोन माझ्यापुढं धरला नि म्हणाले, "ह्यातलं खरं कुठलं ते तुम्हीच बघा. मला फोटू नको. येवढंच सांगा, रातीत किती चढंल? मूर्ती माळ्यावर न्ह्यायच्या का हितंच ठिवायच्या?"

ओली शाडूची मूर्ती उचलणं म्हणजे खेळ न्हवे. जरा धक्का लागला की सोंड जाते, बोटं जातात, आणि एकदा गेलेलं सांधलं तरी गिऱ्हाईकाला दिसतंच. शे-दीडशे मूर्ती हलवायच्या तर रात्रभर माणसं लावायची, त्यांची मजुरी द्यायची, आणि एवढं करून पाणी आलंच नाही तर नुकसान आपलंच. नाही हलवल्या आणि पाणी आलं तर वर्षाचं पोट गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा गणपती महिन्याभरावर आलेला आणि कुंभारवस्तीत पाण्यात विरघळलेल्या मूर्ती आम्ही डोळ्यांनी बघितल्यात. मामांना हवं होतं ते फक्त एका ओळीचं उत्तर, त्यावर त्यांची सगळी रात्र अवलंबून होती. आणि ते उत्तर शोधायला मला, स्मार्टफोन वापरणाऱ्या, ग्रॅज्युएट माणसाला, तीन फोन करून अर्धा तास लागला. पहिला मेसेज त्याच दिवशीचा पण सकाळचा निघाला, दुसरा आदल्या वर्षीचा, आणि तो फोटो तर कोल्हापूरचाच न्हवता.

त्या रात्रीपासून मला एक गोष्ट पक्की वाटत आलीय आणि ती मी आज सविस्तर लिहितोय. मोबाईलमुळं माहिती सगळ्यांच्या हातात आली असं आपण म्हणतो, ते खरंच आहे, पण हातात येता येता तिच्यावरची तारीख, ठिकाण आणि सही वाटेत गळून पडली. आणि तारीख नसलेल्या माहितीवर कुणाला निर्णय घेता येत नाही. ही सही-तारीख परत चिकटवायचं काम वाचणाऱ्याचं नाही, माहिती काढणाऱ्याचं आहे, म्हणजे आपल्याकडं बऱ्याच बाबतीत सरकारचं आहे.

आता जुनं ते सोनं असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्या आबांच्या काळात सातबारा काढायचा म्हणजे तालुक्याला दोन-तीन हेलपाटे ठरलेले, एसटीचं भाडं वेगळं, दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी, आणि तिथं गेल्यावर साहेब फिरतीवर. स्वतःच्या जमिनीवर काय लिहिलंय हे बघायला दुसऱ्याची मर्जी सांभाळायला लागायची. आज डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात घरबसल्या निघतो, त्यावर कुणी शिक्का मारायची गरज नाही, खरा आहे का खोटा ते त्याच्या नंबरवरनं तपासता येतं. हा बदल किती मोठा आहे ते ज्यानं चावडीत ताटकळत दिवस काढलेत त्यालाच कळंल. शासन निर्णय आधी कार्यालयाच्या फायलीत असायचा, आता शाहूवाडीतला पोरगा तो मोबाईलवर वाचून ग्रामसेवकाला दाखवतो की साहेब, नियम हा आहे. मराठी विश्वकोश घ्यायला शाळांकडं पैसे न्हवते, आज तो ऑनलाईन फुकट आहे. ज्याला हे सगळं नको वाटतंय त्यानं आधी एक दिवस जुन्या काळातल्या गरीब माणसाचा काढून बघावा.

माहिती ही मोजक्यांची मालमत्ता राहू नये ही गोष्ट कोल्हापूरला नवीन पण नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे. पण वाचनालय असून वाचता येणारी माणसं किती होती हा खरा प्रश्न होता, आणि शाहू महाराजांनी हात घातला तो तिथंच. १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड लावला, त्या काळचा एक रुपया. आणि १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याला अडीच हजार रुपयांची मदत दिली. मला ह्या दोन गोष्टी एकत्रच बघाव्या वाटतात. माणसाला वाचता आलं पाहिजे आणि ज्याचं कुणी छापत नाही त्याचं छापलं गेलं पाहिजे. मोबाईलनं दुसरी गोष्ट तर करून टाकली, आता कुणीही छापू शकतो. पण त्याबरोबर एक तिसरी गोष्ट उभी राहिली जिचा विचार छापखान्याच्या काळात फारसा करायला लागत न्हवता. छापलेल्या पेपरवर तारीख आपोआप असायची. वर्षापूर्वीचा पेपर आजचा म्हणून कुणी दारात टाकू शकत न्हवता.

व्हॉट्सॲपवर नेमकं हेच होतं आणि त्याला तांत्रिक कारण आहे. आपण मोबाईलनं फोटो काढला की त्या फाईलच्या पोटात तारीख, वेळ, लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा नोंदलेली असते. तोच फोटो व्हॉट्सॲपनं साधा फोटो म्हणून पाठवला की ही आतली नोंद निघून जाते. प्रायव्हसीसाठी ते बरंच आहे, घरातल्या पोरीबाळींचे फोटो कुठं काढलेत हे जगाला कशाला कळावं. पण पुराचा फोटो पण तसाच पुसला जातो. २०१९ मधला शिवाजी पुलाचा फोटो आज पाठवला की घेणाऱ्याला त्याच्यावर आजची वेळ दिसते, कारण ती मेसेजची वेळ असते, फोटोची न्हवे. आणि कुठलंच कटकारस्थान लागत नाही ह्याला, काळजीनं पाठवणारी मावशी पुरेशी आहे. एआयनं केलेले व्हिडिओ आता त्यात नवीन भर, त्याला तर मूळ तारीखच नसते.

ह्याचा शेवट कुठंपर्यंत जातो हे महाराष्ट्रानं बघितलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी फिरतीय असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत सगळीकडं फिरत होते, आणि मंगळवेढ्याकडनं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं ती. त्या महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एका वेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, पुढं २०२० मध्ये लई फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. बरंच केलं, पण ते मेसेजचा वेग कमी करणं झालं. मेसेज जुना आहे का नवा, कुठला आहे, हे त्यातनं कळत नाही ते नाहीच.

इथं लोक लगेच म्हणतात की लोकांनीच शहाणं व्हायला पाहिजे, फॉरवर्ड करायच्या आधी विचार करावा, खात्री करावी. हे ऐकून ऐकून मला आता राग येतो. खात्री करावी म्हणजे कुठं करावी? रात्री नऊ वाजता हातात ब्रश असलेल्या माणसानं कुठल्या दारात जाऊन खात्री करावी? खात्री करायची जागा आधी असू द्या, ती मामांना दोन बोटांत सापडू द्या, मग लोकांना शहाणपण शिकवू. दुधात पाणी घालणाऱ्याला सोडून 'तुम्ही चव घेऊन प्या' असं गिऱ्हाईकाला सांगण्यातला हा प्रकार आहे.

आणि नीट बघितलं तर शासनाला हे जमत नाही असं नाही. कुठलाही शासन निर्णय काढून बघा. शेवटी एक ओळ असते की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक अमुक आहे. तो लांबलचक नंबर नुसता नंबर न्हवे, त्याच्या सुरुवातीलाच वर्ष, महिना, दिवस असतो. म्हणजे कागद कुठं का फिरेना, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन का येईना, तो नंबर साईटवर टाकला की मूळ समोर येतं, आणि खोटा असला तर येतच नाही. शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर खोटा जीआर आला की कुणीतरी एकजण संकेतांक टाकून बघतो नि दहा मिनिटात विषय संपतो, हे मी स्वतः बघितलंय. बदल्यांच्या जीआरला जी सोय आहे ती पुराच्या पातळीला का नको? प्रशासन पातळी जाहीर करतंच की, दिवसातनं कितीदा तरी करतं, त्यावर वेळही असते. पण ती बाहेर पडते मेसेज नाहीतर इमेज म्हणून, आणि दुसऱ्या ग्रुपवर जाईपर्यंत वरची ओळ कुणीतरी कापलेली असते. तिथंच एक छोटा नंबर असू दे. तो नंबर टाकला की एक साधं पान उघडू दे, मराठीत, टाईप केलेल्या अक्षरात: पातळी इतकी, इतक्या वाजता, आधीच्या तासाला इतकी होती, ही नोंद अमुक कार्यालयाची. खाली मागच्या वर्षांच्या ह्याच तारखेच्या नोंदी. नंबर कापला गेला असेल तर लोकांना लगेच कळंल की ह्याला नंबर नाही, ह्याच्यावर मूर्ती हलवायच्या नाहीत.

टाईप केलेल्या अक्षरात म्हणतोय ते मुद्दाम. सरकारी सूचना सजवलेल्या इमेजमध्ये द्यायची एक पद्धत पडलीय, मागं कमळं-बिमळं, वर मान्यवरांचे फोटो आणि मजकूर खाली बारीक. ती इमेज सर्च केली तर सापडत नाही. ज्याला दिसत नाही आणि जो मोबाईलकडनं मजकूर वाचून घेतो, त्याला त्या इमेजमध्ये बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही, नुसतं 'फोटो' असं ऐकू येतं. पूर आलाय हे आंधळ्या माणसाला कळायला नको काय? सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला केवायसीच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेतल्या कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या नि दृष्टिहीन माणसांचंच होतं. साधं टाईप करून टाकायला पैसे लागत नाहीत, उलट डिझाईनवाल्याचे वाचतात.

आणि आकडा कळण्यासारखा पण सांगा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी येते, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. सात दरवाजे आहेत. आता क्युसेक म्हणजे काय हे किती जणांना माहीत आहे? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. एका दरवाजातनं सेकंदाला ४० हजार लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला. असं सांगितलं की शेतकऱ्याला डोळ्यासमोर दिसतं. पण त्यालाही खरं हवं ते वेगळंच, ते पाणी माझ्या शिवारात कधी आणि किती येणार. आमची जुनी माणसं फूट-इंच फारसं बोलायचीच नाहीत, 'पाणी जामदार क्लबपर्यंत आलंय', 'गायकवाड वाड्यापाशी टेकलं' असं सांगायची आणि ऐकणाऱ्याला आपलं घर त्याच्या वर का खाली ते लगेच कळायचं. त्या बोलण्यात जागा होती, वेळ होती आणि सांगणारा समोर उभा होता. आता उपग्रह आहे, सेन्सर आहे, सगळं आहे, तर ४३ फुटाला कुठली गल्ली, ४७ ला कुठली, हे गल्लीच्या नावानं सांगणं अवघड आहे काय? सुतारमळ्याला पहिलं पाणी लागतं हे कोल्हापुरातल्या कुणालाही विचारा. हे लोकांना तोंडपाठ आहे, ते फक्त लिहून आकड्याशेजारी ठेवायचंय.

कायदा पण हेच सांगतो. माहिती अधिकार म्हटलं की आपल्याला दहा रुपयाचा स्टॅम्प लावलेला अर्ज आठवतो, पण २००५ च्या त्या कायद्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम ४. त्यात म्हटलंय की कार्यालयांनी आपणहून इतकी माहिती लोकांपुढं ठेवावी की लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. आणि ती ठेवायची कशी, तर स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी पद्धत चांगली चालते त्या पद्धतीनं. माहिती पसरवणं म्हणजे काय हे सांगताना कायद्यानं नोटीस बोर्ड, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं आणि इंटरनेट ही नावं एकाच ओळीत घेतलीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंटरनेट आलं म्हणून बोर्ड पुसून टाका असं कुठंच लिहिलेलं नाही. पण झालंय नेमकं तसंच. बोर्डावर मागच्या वर्षीच्या ग्रामसभेची नोटीस, नि विचारलं की उत्तर, ग्रुपवर टाकलंय.

ग्रुपवर नसलेल्या माणसाचं काय होतं ते आमच्या आत्तीकडं बघून सांगतो. आत्ती भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पलीकडं एका वाडीवर असते. एका योजनेची केवायसी करायची होती. घरात रेंज नाही, माळावर जाऊन उभं राहायला लागतं. तिच्या आधारला नंबर जोडलेला आहे तो तिच्या पोराचा, पोरगं पुण्यात कंपनीत, शिफ्टला फोन लॉकरमध्ये. केंद्रावर गर्दी, साईट दिवसा चालत नाही, केंद्रवाला पोरगा म्हणतो रात्री अकरानंतर या. ओटीपी येतो पुण्यात, पोरानं सांगेपर्यंत वेळ संपतो. अंगठा लावावा तर आत्तीची बोटं भांगलून भांगलून, भांडी घासून घासून अशी झालीत की मशीन 'मॅच नाही' म्हणतं. तीन दिवस गेली ती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाळा, मी हाय का न्हाई हे आता त्या मशीनला इचारायचं व्हय रे?" ह्या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. चाळीस वर्षं त्या गावात राहिलेली बाई, अख्खं गाव तिला ओळखतं, आणि ती कोण आहे हे सिद्ध करायला पुण्यातला फोन लागतो.

आता कुणी म्हणंल हा माहितीचा प्रश्न न्हवे, योजनेचा आहे. माझ्या मते एकच आहे. तिला आधीच कुणी नीट सांगितलं असतं की नंबर कसा बदलायचा, मुदत कधीपर्यंत आहे, अंगठा नाही लागला तर दुसरा मार्ग कुठला, तर तीन दिवस वाचले असते. ही सगळी माहिती 'उपलब्ध' होती. ती ज्या फोनवर उपलब्ध होती तो फोन पुण्यात होता, एवढंच. म्हणून माझा आग्रह आहे की जी माहिती मोबाईलवर टाकली ती त्याच दिवशी चावडीच्या बोर्डावर खडूनं लिहा, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगा. भोंगा पूर्वीपासून आहे, पाणी सोडायच्या वेळेला वापरतातच की. ह्याला मागासलेपण म्हणू नका. पुरात पहिली जाते ती लाईट, मग टॉवरची बॅटरी उतरते, डिझेल घेऊन जायला रस्ता नसतो, आणि मग सगळ्यात भारी फोनसुद्धा नुसती काच होतो. २०१९ ला पुणे-बंगळूर हायवे पाण्यात गेला, कितीतरी दिवस दूध नाही, पेट्रोल नाही, आणि बऱ्याच घरांत बाहेरची खबर आली ती बॅटरीवरच्या रेडिओवर नाहीतर बोटीतनं आलेल्या माणसाकडनं.

दुसऱ्या टोकाचा अनुभव पण ह्या शहरानं घेतलाय. ७ जून २०२३. स्टेटसवरनं वाद पेटला, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, आणि मग इंटरनेट बंद. प्रशासनापुढं त्या दिवशी काय अवघड परिस्थिती होती हे मी समजू शकतो, अफवा पसरत होत्या हे खरंच होतं. पण इंटरनेट बंद झाल्यावर काय झालं ते आम्ही जगलोय. अफवा थांबल्या नाहीत, त्या फोनवरनं नि तोंडातोंडी फिरायला लागल्या. थांबलं काय, तर खरं काय ते बघायचं साधन. 'अमक्या गल्लीत असं झालं म्हणे' असं कुणी म्हणालं तर ते खोडून काढायला हातात काही नाही. दुकानात क्यूआर कोड चालेना, खिशात रोख नाही, माझ्या शेजारच्या मेडिकलवाल्यानं त्या दिवशी ओळखीच्या लोकांना वहीवर लिहून औषधं दिली. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलंय की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करायला लागतात, म्हणजे लोकांना त्याला आव्हान देता येतं. मला वाटतं ज्या गावात खात्रीची, तारीख-वेळेची, सहीची माहिती लोकांना सापडायची सवय लागलेली असते तिथं अफवेला एवढी भूक राहत नाही आणि नळ बंद करायची वेळही कमी येते. लोकांना ती सवय आपण लावलीच नाही, आणि मग लोक काहीही खातात म्हणून ताट ओढून घेतो.

प्रशासनाची बाजू पण मांडतो. पुरात त्यांची माणसं चोवीस-चोवीस तास उभी असतात, बोटी, छावण्या, जनावरांचा चारा, त्यात हे नंबर आणि पानं कोण करत बसणार असं मला एका ओळखीच्या कर्मचाऱ्यानं विचारलं. त्याचं खरंय. म्हणूनच हे पुरात करायचं कामच न्हवे, मार्च-एप्रिलमध्ये करायचं काम आहे. पातळीची नोंद घेणारा माणूस आहेच, तो एकदा एका जागी आकडा भरंल आणि तिथनं मेसेज, पान, बोर्डावरचा मजकूर, रेडिओला जाणारी ओळ हे सगळं निघंल, असं करणारी पोरं आमच्या शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ढिगानं आहेत. २०२३ च्या जुलैत सगळ्यांचे फोन एकदम कर्कश्श वाजून सरकारी चाचणीचा इशारा आला होता, आठवतंय? तो मेसेज त्या भागातल्या टॉवरवरनं थेट येतो, ॲप लागत नाही, ग्रुप लागत नाही, नंबरांची यादी लागत नाही. म्हणजे यंत्र आहे. त्या यंत्रातनं गल्लीच्या नावासकट काय सांगायचं हे ठरवणारं कुणीतरी बसलं पाहिजे.

हे सगळं नुसतं बोलण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाकला, २०१९ आणि २०२१ च्या पुरातल्या तासातासाच्या नोंदी द्या म्हणून. दहा रुपयाचा स्टॅम्प, पानाला दोन रुपये. उत्तर आलं, वेळेत आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आलेला गठ्ठा म्हणजे हातानं भरलेल्या रजिस्टरच्या झेरॉक्स, काही पानं तिरकी, काहींची कड कापलेली, एका ठिकाणी आकडा आहे पण वेळेचा कॉलम झेरॉक्समध्ये आलाच नाही. कुणाच्यातरी वळणदार अक्षरात रात्री तीनची नोंद, चारची नोंद, पाचची नोंद. त्या माणसानं त्या पावसात जागं राहून ते लिहिलंय, मला ते पान बघून भरून आलं. एवढी मेहनतीची माहिती, आणि ती कपाटात.

गेले काही रविवार मी आणि माझी पुतणी ते टाईप करतोय. ती आकडा वाचते, मी भरतो, मग उलटं. जिथं वेळ दिसत नाही तिथं आम्ही मोकळं सोडतो, अंदाजानं भरायचं नाही असं तिनंच ठरवलंय. पहिली प्रिंट काढली ती बापट कॅम्पात मामांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून २०१९ च्या ६ ऑगस्टचं पान काढलं, बोट ठेवून एकेक तास खाली आले आणि एका ओळीवर थांबले. "हितं," म्हणाले, "ह्या टायमाला आम्ही मूर्ती सोडून भाईर पडलो. म्हंजी तवा येवढं हुतं तर." त्यांनी पेन्सिलीनं त्या ओळीपुढं शेडच्या उंबऱ्याची खूण करून ठेवली. २०२१ चं निम्मं रजिस्टर अजून व्हायचंय, ह्या रविवारी बसू.